खरखर बाहेरून येते

शुक्रवार, ९ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. शिस्त.
हेडफोनचा आवाज खुलवणारा अ‍ॅम्प आला. USB चा, काळा, काडेपेटीएवढा, समोर गोल बटण. लॅपटॉपला लावला, हेडफोन लावले. खरखर. गाणं बंद केलं तरी खरखर. कढईत मोहरी तडतडावी तशी, फक्त संपत नाही.
अ‍ॅम्प उत्तम आहे. सगळे रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचूनच घेतलाय. म्हणजे खरखर बाहेरून येते. कुठून, ते उद्या दुपारपर्यंत शोधतो.

शनिवार, १० जानेवारी
प्रियदर्शनी मॅडमचा फोन. त्यांचा छोटा स्टुडिओ आहे, मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी काढतात. चाचणी म्हणून एक गोष्ट पाठवलीय. वाचणाऱ्याचा खोकला, पानांचा आवाज, चुकलेली वाक्यं कापायची. गुरुवार २२, संध्याकाळी सहापर्यंत. जमलं तर कायम काम, खोलीत बसून. नाही जमलं तर बाबांनी सांगून ठेवलंय, विश्रांतवाडीला बद्रीनाथ काकांच्या प्लायवूडच्या दुकानात काउंटरवर बसायचं.
मी कुणाच्या काउंटरवर बसणार नाही. लिहून ठेवतो.
मॅडमना सांगितलं, थोडी खरखर आहे, आधी सिस्टिम नीट करतो. म्हणाल्या, फोनबरोबर मिळतात ते इअरफोन लावा, तेवढं पुरे. मी म्हटलं, क्वालिटीत मी तडजोड करत नाही. म्हणाल्या, आपली क्वालिटी अजून आमच्या बघण्यात आलेली नाही.
बघतील.

रविवार, ११ जानेवारी
ड्रायव्हर काढला. ड्रायव्हर टाकला. तीनही पोर्ट पाहिले. सेटिंगमधले आकडे वर नेले, खाली आणले. खरखर तीच.
एका व्हिडिओत एक जण सविस्तर सांगत होता. त्याच्या खाली दुसरा व्हिडिओ होता, सायकलवर लडाख. तोही सविस्तर होता.
सायकलची चेन बदलायला झालीय. बदलली. निदान काहीतरी दुरुस्त झालं.

सोमवार, १२ जानेवारी
शोध लागला. माउस हलवला की खरखर वाढते, थांबवला की कमी होते. म्हणजे माउस.
माउस काढून टाकला. आता सगळं कीबोर्डवर. खरे प्रोफेशनल तसंच करतात.
संध्याकाळ: गोष्टीची फाइल उघडायला वेळ लागला. उघडली, आणि बंद झाली. कोणत्या बटणाने ते कळलं नाही. खरखर आहेच. पण माउस आता संशयातून सुटला, हेही थोडं नाही.

बुधवार, १४ जानेवारी
संक्रांत. खाली सोजरमावशींनी तिळगूळ दिला. इथे मांजरी गावात यांचा ऊस होता, आता अर्ध्या रानात बिल्डिंगा आणि उरलेल्यात आमच्यासारखे भाडेकरू. मावशी खुशीत होत्या. ऋतिकाचं, त्यांच्या मुलीचं, स्थळ जमत आलंय.
मावशींच्या यजमानांना, हिंदुरावआबांना विचारलं, तुमची पाण्याची मोटर अर्धा तास बंद ठेवता का, टेस्टिंग आहे. म्हणाले, ठेवतो की, मग अंघुळीला तू कालव्यावर जा.
सहकार्याची भावना राहिली नाही.
राउटरला चपात्यांची फॉइल गुंडाळली. खरखर तेवढीच. इंटरनेट मात्र पूर्ण थांबलं.

शुक्रवार, १६ जानेवारी
जाड USB केबल आणायला निघालो. स्वारगेटला बस बदलायची होती. समोर भोरची गाडी लागली होती, खिडकी रिकामी. भोर पाहिलं नव्हतं.
भोर चांगलं आहे. केबल मिळत नाही.
मॅडमचा मेसेज: काम सुरू केलंत का? कळवलं की तयारी शेवटच्या टप्प्यात आहे.

रविवार, १८ जानेवारी
सापडलं. कारण अर्थिंग. या घराला अर्थिंगच नाही. बोर्डाला तिसरं छिद्र आहे, पण आत वायर नाही, नुसतं शोभेला. सगळ्या वायरींत साचलेला कचरा जाणार कुठे? माझ्या कानात.
दिवसभर खपलो. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाजवळ खड्डा. खाली कोळसा, त्यावर खडेमीठ, पुन्हा कोळसा. तांब्याची प्लेट लागते. ती नव्हती, माझा पाणी प्यायचा तांब्या होता. तांबं ते तांबंच. त्याच्या गळ्याला वायर आवळली, पुरला, वायर भिंतीवरून खिडकीतून वर आणून बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रात जोडली. कुणी शिकवलं नाही. डिप्लोमा अर्धा सोडला तरी हे येतं, हे बाबांना कुणीतरी सांगायला हवं.
खड्डा बुजवताना मावशी तुळशीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, ऋषी, आज अवस हाय. मी म्हटलं, मावशी, अर्थिंगला मुहूर्त लागत नाही.
खरखर थोडी आहे. जमीन मुरायला वेळ घेते.

मंगळवार, २० जानेवारी
रोज सकाळी खड्ड्यावर एक बादली पाणी. ओल लागते, त्याशिवाय करंट जमिनीत जात नाही.
मावशींनी विचारलं, काय पुरलंयस रं? खरं तेच सांगितलं. कोळसा, मीठ आणि तांब्या. लपवायचं काय आहे? त्या अंगणात झाडायच्या थांबल्यात.
गोष्ट अजून कापायला घेतली नाही. खरखरीत कापली तर खोकला कुठला आणि खरखर कुठली, कसं कळणार? हे मॅडमना कळत नाही. मॅडमनी स्टुडिओ काढलाय, पण कान वेगळी गोष्ट आहे.

गुरुवार, २२ जानेवारी
सकाळी ११. जिंकलो.
गुरुवार, त्यामुळे नेहमीप्रमाणे लाइट दहाला गेली, पाचला येणार. लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे म्हणून चार्जर कधी काढत नाही, आज नाइलाजाने बॅटरीवर चालू केला. हेडफोन लावले.
शांतता. खरखर नाही. माउस जोडला, गरागरा फिरवला. नाही.
अर्थिंग मुरलं. चार दिवसांत मुरलं. शिवाय पंखा बंद, आबांची मोटर बंद, समोरच्या बांधकामाचं मशीन बंद, त्यामुळे माझं अर्थिंग किती पक्कं झालंय ते नीट ऐकता आलं.
काम तासाभराचं आहे. आधी अ‍ॅम्प तपासून घेतो. एक गाणं.
दुपारी १२. तबल्याला शाई लावलेली असते, ती ऐकू येते. खरंच येते. आणखी एक ऐकतो.
दुपारी १२.४०. बॅटरी संपली. हरकत नाही. पाचला लाइट, सहाला काम हातात.
५.३०. लाइट नाही. महावितरणला माणसाच्या करिअरचं काही नाही.
६.३५. लाइट आली. चार्जर लावला. खरखर. पहिल्या दिवसाइतकी.
पाणी कमी पडलं. आज सकाळची बादली आनंदात राहून गेली होती. लगेच खाली जाऊन दोन बादल्या ओतल्या. अंधार पडला होता. मावशी दारात होत्या, आत गेल्या, कडी लावली.
मॅडमना मेसेज: तांत्रिक कारणाने उद्या देतो.
उत्तर: तसदी नको. हीच चाचणी देणाऱ्या शेफालीने काम सोमवारीच दिलं. फोनच्या इअरफोनवर केलं, चांगलं केलं. खरखर फाइलमध्ये नाही, तुमच्याकडे आहे.
वाचून वाईट वाटलं नाही. ज्यांना फोनचे इअरफोन चालतात त्यांच्याकडे मला कामच करायचं नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी
सकाळी आबा आणि मावशी वर आले. मागोमाग ऋतिका, ब्रश करत.
मावशी म्हणाल्या, काल रातच्याला पोरीच्या स्थळाचा नकार आला. जमलेलं मोडलं. याच्या आधी कधी असं झालं न्हाई. कोळसा, मीठ, तांब्या, अवस. आन वर रोज पाणी. कुणी करायला सांगितलं तुला?
मी शांत. म्हटलं, मावशी, हे सायन्स आहे, दाखवतो. खिडकीतून बोट दाखवलं: तिथे तांब्या. तांब्याला वायर. वायर भिंतीवरून आत. आत बोर्ड. बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रात. तिथून चार्जरच्या तिसऱ्या पिनला.
आबा वाकले. म्हणाले, ह्याला दोनच पिना हायत.
चार्जर काढून पाहिला. दोन. आधीपासून दोन, कंपनीनेच दोन दिलेल्या.
आबा म्हणाले, म्हंजे ही वायर कुटंच जात न्हाई.
मी म्हटलं, सध्या नाही.
मावशी म्हणाल्या, ऐकलं का? कुटंच जात न्हाई. मग पुरलं कशाला?
मी चार्जर उलटा करून पुन्हा पाहिला. दोनच.
ऋतिका ब्रश काढून म्हणाली, आई, नकार त्यांचा नाहीये. मीच त्या मुलाला सांगितलं, तूच नाही म्हण.
मावशींनी आबांकडे पाहिलं. म्हणाल्या, बघा. करणी हिच्या डोक्यावर पण चालली.
आबांनी सांगितलं, आयतवारी खोली मोकळी कर. खड्डा उकरून सगळं काढ. तांब्या घेऊन जा, इथं ठेवू नको.
खड्डा उकरताना ऋतिका येऊन हळूच म्हणाली, थँक्स, आता वर्षभर कुणी स्थळ आणणार नाही. म्हणजे उपयोग झाला. फक्त माझ्या बाजूने झाला नाही.
बाबांचा फोन आला. काम मिळालं का? म्हटलं, मीच सोडलं. म्हणाले, चांगलं केलंस, काकांना कळवतो.

मंगळवार, २७ जानेवारी
विश्रांतवाडी. दुकानात दुसरा दिवस. काउंटरवर बसलेलो नाही. काउंटरच्या मागे कॉम्प्युटर आहे, तिथे बसलोय. बिलं बनवतो.
काकांना दुपारी झोप लागली तेव्हा अ‍ॅम्प जोडला. जुनं, धुळीने भरलेलं मशीन, तीन पिनांचा प्लग. हेडफोन लावले. एक कणही खरखर नाही. माउस फिरवला, प्रिंटर चालवला. नाही.
ऐकायला काही सापडलं नाही. या मशीनवर फक्त बिलं आहेत, आणि काकांनी नेट घेतलेलं नाही. तरी हेडफोन काढले नाहीत. बसून स्वच्छ शांतता ऐकली.
मग काकांनी एका कानावरचा हेडफोन उचलला. म्हणाले, गिऱ्हाईक केव्हाचं हाका मारतंय, मारून मारून मला उठवलं त्यानं, तुला ऐकू येत नाही का?
नाही आलं. काहीच ऐकू आलं नाही.
अ‍ॅम्प उत्तम आहे. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय.