दीड रुपयाची खोली

धाराशिव, ३ जुलै १९४३

तीर्थरूप दादांस, शारदाचा शि. सा. नमस्कार.

सरकारी मदरशात मुलींना शिकवायचं काम बरं चाललंय, पण एकट्या बाईला इथं कुणी खोली देईना. त्यात एक नवल कळलं. वीरप्पा नावाचे व्यापारी मरताना आपल्या आठ खोल्या गरीब नोकरदारांसाठी धर्मादाय करून गेले. भाडं महिना दीड रुपया, निजामाच्या हाली नाण्यात. त्यातून डागडुजी करायची, नफा घ्यायचा न्हाय. कारभार त्यांची बहीण चन्नम्मा बघतात. अट एकच, घरातलं वडीलधारं माणूस सोबत राहायला हवं. आईला पाठवाल? शुक्रवारपर्यंत आली न्हाय तर खोली जाईल, अन् मला नोकरी सोडून गावी यावं लागेल.

वहिनींना नमस्कार. माया असू द्या.

शारदा

अणदूर, ६ जुलै

चि. शारदास, अंबादासचे आशीर्वाद.

नफा नको म्हणणारा घरमालक म्या अजून पाहिला न्हाय. छत गळतं का? पाणी खारं आहे का? नीट बघ. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती डाळ निवडत राहिली. या वयात तिला परगाव झेपायचं न्हाय, तेव्हा तू परत यावंस हेच बरं.

ता. क. पाकीट बंद करतोय तोवर तिनं विचारलं, धाराशिवला जायला तुळजापूरची मोटार किती वाजता?

तुझा दादा

धाराशिव, १० जुलै

तीर्थरूप दादांस, शि. सा. नमस्कार.

आई गुरुवारीच पोचली. तुमच्या शंका तिनं स्वतः तपासल्या. छत निरखलं, आडाचं पाणी चाखलं. मग चन्नम्मांना विचारलं, तुमच्या भावानं असं का केलं? त्या म्हणाल्या, तरुणपणी भाडं थकलं म्हणून मालकानं त्यांना आजारी आईसकट बाहेर काढलं होतं. ही गोष्ट ते कधी विसरले न्हाईत.

काल या धर्मादायाचे पंच बसले. मुनशींनी दौत उघडून विचारलं, खोली कुणाच्या नावानं लिहू? मी माझं नाव सांगणार, तेवढ्यात आई पुढं झाली.

“माझं लिवा. बानूबाई. आजवर कुठंच लिवलेलं न्हाय.”

पंचांनी चन्नम्मांकडं पाहिलं. चन्नम्मांनी होकाराची मान हलवली, अन् मुनशींनी लिहिलं. ते नाव नेमकं कुठं आहे, हे आईनं मला दोनदा दाखवायला लावलं.

दिवाळीला सगळ्यांनी आमच्याकडं यावं, असा तिचा निरोप आहे. अन् पुढच्या पत्रावर पत्ता तिच्या नावानं घाला, हेही तिनंच सांगितलंय.

तुमची शारदा