लाभ, दोन, तीन

१ ऑक्टोबर, मंगळवार

सुटले बाई एकदाची चाकणमधून! सहा वर्षं कंपनीच्या क्वालिटीत ट्यूबलाइटखाली उभी राहून नटबोल्ट मोजले. आजपासून माझ्यासमोर आख्खा तलाव आहे. बोरजाई तलाव, पुनावळ्याच्या माझ्या खोलीपासून स्कूटीवर पस्तीस मिनिटं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नव्या टॉवरची रांग, आणि मधे आमचा बोट क्लब: वल्ह्याच्या बारा होड्या, चाळीस लाइफ जॅकेटं आणि परवान्याची खिडकी. खिडकीत मी, वर्षाली.

काम माझ्या स्वभावाला धरून आहे. स्वतः वल्हवणाऱ्या पाहुण्याला दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. मी त्याला दहा नियम मोठ्याने वाचून दाखवायचे, त्यातले पाच प्रश्न विचारायचे, उत्तरं बरोबर आली की सही घेऊन शिक्का मारायचा. होडीत चारच माणसं. उभं राहायचं नाही. दारू पिऊन यायचं नाही. लाल पिंपांच्या पुढे जायचं नाही. सातवा नियम मधल्या टेकाडाचा: तिथे कोणालाही उतरवायचं नाही, कारण वरच्या धरणाचं पाणी सोडलं की ते बुडतं. किती गेले, किती आले हे नोंदवहीत मी लिहायचं. आमचे मॅनेजर दादासाहेब म्हणाले, इथे नोंदवही बोलते तेच खरं. मला हे फार आवडलं. आईला इचलकरंजीला फोन करून सांगितलं की तुझी मुलगी आता परवाने देते, तर ती म्हणाली, आधी स्कूटीचा काढ.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

धक्क्यावर कोंडाजीबाबा असतात. इथल्याच गावचे, सत्तरीचे, आणि मोजायची भारी हौस. होड्या मोजतील, बदकं मोजतील, माझ्या डब्यातल्या पोळ्याही मोजतील. तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, त्यामुळे आकडे काही कळत नाहीत. माणसं मात्र मीच मोजते. तिथे दुसऱ्यावर भरवसा ठेवायची सवय नाही मला.

प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधलेली आहे. तीनदा वाजवली की मदत हवी, असा नववा नियम. पण पाहुणे दिवसभर पिपाण्यांसारख्या वाजवत बसतात. डोकं उठलं. शेवटी मी फळ्यावर खडूने अकरावा नियम लिहिला: शिट्टी उगाच वाजवू नये. दादासाहेबांनी हसून मान्य केला.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

वल्ह्यांची पूजा केली. मी माझ्या शिक्क्यालाही झेंडू वाहिला. कोंडाजीबाबांनी सोनं दिलं आणि म्हणाले, "पोरी, उद्या लोटणार बघ. समद्या कंपन्यांना सुट्टी हाय."

१३ ऑक्टोबर, रविवार

लोटले! दीड वाजल्यापासून खिडकीवर इतकी झुंबड की दहा नियम वाचायला बसले असते तर मंगळवार उजाडला असता. दहा नियमही नाहीत आणि पाच प्रश्नही नाहीत, नुसती सही आणि शिक्का. नियम काय, फळ्यावर लिहिलेलेच आहेत. माणसं मोजायलाही उठता येईना, म्हणून कोंडाजीबाबांना म्हटलं, बसतील तशी धक्क्यावरून मोठ्याने मोजा. कंपनीची सवय कामाला आली: तोंडाने गिऱ्हाइकाशी बोलायचं, कानावर आकडा पडला की हाताने एक उभी रेघ मारायची. म्हातारा प्रत्येक होडीला आधी देवाबिवाचं नाव घेतल्यासारखं काहीतरी ओरडतो आणि मग मोजतो. भाविक आहे.

गंमत पुढेच आहे. बाबांनी मोजून सोडलेल्या आठ होड्या परत आल्या, जॅकेटं खिडकीत जमा झाली, तर सात होड्यांमध्ये एकेक माणूस जास्त! तीन गेले, चार आले. दोन गेले, तीन आले. मी हसत सुटले. म्हाताऱ्याला मोजता येत नाही, दुसरं काय! सातही ठिकाणी गेलेल्यांचा आकडा खोडून नीट केला. फक्त आठ नंबरची होडी अचूक जुळली: गेले तीन, आले तीन. तिच्यापुढे मी कौतुकाने बरोबरची खूण केली.

मधेच एक आजी आली होती. एकटी, हिरवं लुगडं, हातात पिशवी. तिला पल्याड खळ्यावर जायचं होतं. एकट्याला होडी मिळत नाही, कोणाबरोबर तरी बसा, म्हटलं. तिने विचारलं, मला बी परवाना लागतो का? मी म्हटलं, वल्हवतो त्याला लागतो, तुम्ही नुसतं बसायचं. जॅकेटचे बंद मीच बांधले, आईसारखी वाटली म्हणून. आणि शिट्टी उगाच वाजवायची नाही, अगदीच अडलं तर तीनदा, असं बजावलं. ती म्हणाली, "न्हाई वाजवनार, पोरी."

पावणेसहाला गेट लावताना पाण्यावरून तीन शिट्ट्या आल्या. थोड्या वेळाने पुन्हा तीन. कोंडाजीबाबा थबकले. म्हणाले, कुनीतरी राह्यलं. मी त्यांना नोंदवही दाखवली. म्हटलं, सगळे आलेत बाबा, पलीकडची पोरं चोरलेल्या शिट्ट्या वाजवतात. बाबांना वाचता येत नाही, पण वहीला फार मानतात. मी निघाले. इतकी दमले होते की खिळ्यांवरची जॅकेटं मोजायचीही राहिली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

काल संध्याकाळी वरच्या धरणाचं पाणी सोडलं. टेकाड दिसत नाही.

जॅकेटं एकोणचाळीस. सत्तावीस नंबरचं नाही. कोणीतरी घरी नेलं असणार. विचारपूस नको म्हणून 'फाटले, बाद' असं लिहून टाकलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कुरुळीहून मोनिका नावाची मुलगी आली होती, माझ्याच वयाची, कंपनीच्या युनिफॉर्मवरच. तिची आजी गोजाबाई रविवारपासून घरी नाही. चौकीत तक्रार दिली आहे. आजीचं सासर या तलावात गेलं, टेकाड म्हणजे त्यांचं खळं, दर दसऱ्याला आजी म्हणायची मला एकदा तिथे ने, आणि दर दसऱ्याला मोनिकाचा ओव्हरटाइम असायचा. तिने फोटो पुढे केला. हिरवं लुगडं.

मी ओळखलं. बंद कसे बांधले तेही आठवलं. पण नोंदवही उघडली, प्रत्येक होडी जुळत होती, आणि मी म्हणाले की इथून गेलेलं प्रत्येक माणूस परत आलेलं आहे. म्हणताना मला ते खरंच वाटत होतं. मग 'आल्या होत्या' एवढं तरी का नाही म्हणाले? सत्तावीस नंबर आठवला म्हणून.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज कळलं ते लिहून ठेवते.

कोंडाजीबाबांनी घरची नवी बाजरी आणली. पोत्यातून मापट्याने माझ्या पिशवीत घालताना मोजत होते. "लाभ… दोन… तीन… चार…" तोच रविवारचा शब्द. मी विचारलं, हे लाभ म्हणजे काय? ते हसले. मी रेशनवर वाढलेली, मला कुठून माहीत असणार, म्हणाले. खळ्यावर पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. लाभ म्हणायचं, म्हणजे रास वाढते. "मान्सं बी तशीच मोजतो मी. पयलं मानूस म्हंजी लाभ."

मी रेघ मारली नव्हती. आठही होड्यांना पहिल्या माणसाची रेघ मी मारलीच नव्हती. म्हणून सात होड्या एक जास्त घेऊन आल्या. त्या बरोबर होत्या. जी एक जुळली, तिच्यातच माणूस कमी होतं.

आणि मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

बाजरी तिथेच ठेवून आले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आठ नंबरचा परवाना शेखर नावाच्या मुलाचा. फोन लावला. तो सहज सांगत होता: आजींनी टेकाडावर उतरवायला सांगितलं, नमस्कार करते, पोरांनो तुम्ही जावा, मागल्या होडीनं येते म्हणाल्या. आम्हाला वाटलं चालतं, मॅडम. तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना? मग घाबरून म्हणाला, आल्या ना त्या?

मी फोन ठेवला.

सातवा नियम वाचला असता तर दोन मिनिटं गेली असती. त्या दिवशी मी एकट्या तिलाच एक नियम सांगितला, शिट्टीचा, आणि तिने एकटीनेच तो पाळला. पाणी पायाला लागेपर्यंत तिने शिट्टी वाजवली नसणार. अगदीच अडल्यावर वाजवली. तीनदा. मी ऐकली.

दादासाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वही जुळते ना? मग वहीला हात लावू नकोस. मला हायसं वाटलं. याचीच लाज वाटते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी जॅकेटं चाळीस. सत्तावीस नंबरचं त्याच्या खिळ्यावर. ओलं. बंद बांधलेलेच, माझ्या गाठीने. मी दुहेरी गाठ मारते, दुसरं कोणी मारत नाही. खाली गाळ साचलेला, त्यात चार-पाच जुने दाणे.

कोंडाजीबाबांना विचारलं. त्यांनी आणलेलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आज एकेक माणूस मी स्वतः मोजलं. बोट लावून, एक, दोन, तीन, चार. दहाही नियम वाचले, लोक चिडले तरी वाचले. पहिली होडी: चार गेले. परत आल्यावर खिडकीत पाच जॅकेटं. पाचवं ओलं. मी वर पाहिलं तर चारच माणसं उभी.

दुसऱ्या होडीला तेच. तिसऱ्या—

खिळ्यांवर मात्र शेवटी चाळीसच.

पावणेसहाला तीन शिट्ट्या. आता रोजच येतात. कोंडाजीबाबांना ऐकू येत नाहीत. की मी वही दाखवली तेव्हापासून ते ऐकणं सोडून दिलंय?

२२ ऑक्टोबर, मंगळवार

तेरा तारखेच्या पानावर, आठ नंबरच्या ओळीत, सहीच्या रकान्यात अंगठा उठलाय. शाईचा नाही, पाण्याचा. पुसला. वाळत नाही.

तिला परवाना हवाय. लागत नाही म्हणून मीच सांगितलं होतं ना आजी. नुसतं बसायचं, म्हणाले होते—

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मोनिका पुन्हा आली. गेटजवळ फोटो घेऊन बसली. मी तिला पाणी नेऊन दिलं. ती मला थँक्यू म्हणाली. मला!

सांगायला तोंड उघडलं. तिच्या मागे, दगडावर, ओल्या पावलांच्या—

नाही सांगितलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

'गेले' मधला तीनचा आकडा खोडून चार केला. शेजारी लिहिलं: गोजाबाई, परत आल्या नाहीत, चूक माझी.

दुपारी उघडून पाहिलं. तीन. बरोबरची खूण. माझ्याच अक्षरात.

पुन्हा लिहिलं. पुन्हा तीन.

वहीत दुरुस्त होत नाही. माणूस मोजूनच परत आणावं लागेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पाच वाजता. मोनिकाला गेटवरून आत बोलावून सगळं सांगितलं. खिडकीत बसून नाही, तिच्यासमोर उभी राहून. लाभ, रेघ, शिट्ट्या, फाटले म्हणून लिहिलेलं जॅकेट, सगळं. कोंडाजीबाबा ऐकत होते. ते मटकन खाली बसले आणि कपाळ बडवून घेऊ लागले. म्हटलं, बाबा, तुम्ही बरोबर मोजलं होतं. मोनिका रडली नाही. फक्त एवढं म्हणाली, तिला घेऊन या. वही मी तिच्या हातात दिली, चौकीत न्यायला.

आज आठ नंबरची होडी. गेले: एक. ते तरी इथे, डायरीत, नीट लिहिलं.

पाच पस्तीस. टेकाडाची जागा असावी. वल्हं खाली टेकतंय. पाण्यात हाक मारली. आजी, मी आलेय, तुमचं नाव लिहिलंय. काही नाही. नुसतं पाणी.

पावणेसहा. शिट्ट्या. एक. दोन. तीन. इतक्या जवळून, की—

होडी एका बाजूला कलली. मी हलले नव्हते.

परत फिरलेय. जड चाललीय. मागे बघत नाही. मागच्या फळीवरून पाणी ठिबकतंय, माझ्या पाठीवर गार— वल्हं सोडून लिहितेय, तरी होडी चाललीय.

धक्का दिसतोय. मोनिका उभी आहे, तिचा हात तोंडावर. कोंडाजीबाबा उठलेत, डोळ्यांवर हात धरून होडीकडे बघतायत, आणि सवयीने मोठ्याने मोजतायत—

लाभ.

दोन.

बाबा, होडीत मी एकटी—