टीव्हीच्या मागून ऐकलेला खेळ

मास्तर,

तुम्ही गेल्यावर तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या जागी आधी झेरॉक्सवाला आला, मग मोबाइलवाला आला, आणि आता तिथं चहाचा काउंटर आहे. साताऱ्याला आलो की तिथं उभ्यानं एक चहा घेतो. चहा काही बरा नसतो, पण घेतो. परवा इकडं सांगलीत माझ्या घरी नातीचा टीव्हीवरचा खेळ सुरू होईना. मी पुढं सरकलो तर म्हणाली, "आबा, तुम्ही लांब राहा, तुमच्या रेडिओतलं हे नाही." राहिलो लांब. तिनं कुठलीशी दोन बटणं एकदम दाबून धरली आणि पडदा उजळला. ती खेळायला लागलीसुद्धा, आणि मी आपला तळहात धोतराला पुसत उभा. तेवढ्या वेळात घाम फुटला होता मला. घरात सगळे हसले. त्यांना काय सांगणार? मला सुभेदारांच्या घराचा सोपा, ती बाहेरची बैठकीची ओसरी, आठवला होता. त्या दिवसाबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही, म्हणून आज तुमच्याशीच बोलतो.

दसरा होऊन गेलेला आणि दिवाळी तोंडावर आलेली. आणीबाणी उठून थोडाच काळ झाला असेल. मी तुमच्याकडं शिकून तयार झालो होतो, सांगलीला स्वतःचं दुकान टाकायचं मनात घोळत होतं, पण तुमच्यापुढं ते काढायची छाती होत नव्हती. सुभेदारांचा गडी सकाळीच निरोप घेऊन आला. "साहेबांनी बोलावलंय. पेटी बंद पडलीया. पेटी घराभायेर जायाची न्हाई म्हनत्यात, तुमीच चला." सैन्यातनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, कोरेगावच्या पलीकडं पाटाच्या पाण्याखाली ऊस. तुम्हीही सैन्यातलेच, सिग्नलमधले, पण हवालदार. निरोप ऐकल्यावर तुम्ही शर्टाची वरची गुंडी लावलीत, ते मी बघितलं होतं.

पेटी म्हणजे टीव्हीवर खेळायचा खेळ. चपटा प्लॅस्टिकचा डबा, वर दोन फिरक्या, मधोमध सरकवायचा एक स्विच, पोटात सेल. तिची वायर टीव्हीला मागं जोडायची. मग पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या आणि एक चौकोनी ठिपका. ठिपका दांडीला लागला की पेटीतनंच टक् आवाज, आणि सुटला की भुंग्यासारखा लांब सूर. बस, एवढाच खेळ. पण सुभेदारांच्या सुनेचा भाऊ जहाजावर नोकरीला, त्यानं परदेशातनं ती आणून बहिणीच्या सासरी भेट दिली होती, आणि ती बघायला आख्खं गाव सोप्यात मावत नव्हतं. मुलगा पलटणीत, सीमेवर. रजा मिळाली नव्हती. घरात म्हातारा, म्हातारी आणि ती लग्नाला वर्षही न झालेली सून.

आपण बूट काढतोय तोवरच म्हातारीनं सुरू केलं. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी हिनं वल्लं फडकं फिरवलं तिच्यावरनं. माज्या डोळ्यानं बगितलं. तवापासनं मुकी पडलीया." मग आवाज थोडा चढवून, आत ऐकू जाईल असा, "पाऊल पडलं आन हिरीवरची मोटर जळली. म्हस आटली. आता ह्ये. घरात काय म्हनून टिकू देत न्हाई."

सुभेदार आरामखुर्चीत होते. चहा सांगावा तसं शांतपणे म्हणाले, "हवालदार, दुपारच्या गाडीनं हिचा भाऊ दिवाळीला न्यायला येतोय. पेटी चालू झाली तर झाली. न्हाई झाली तर मी त्याला सांगनार हाय, तुजी पेटी आन तुजी भन, दोनी घिऊन जा. परत आनायची तसदी घिऊ नगं."

माझे कान तुम्हाला माहीत होते. आमचं घराणं माणदेशात मेंढरामागं फिरणारं. अंधारात कुठलं मेंढरू कळपातनं बाजूला गेलं, हे घंटीवरनं ओळखायचं बाळपणापासून शिकलेलो. तुम्ही मला ठेवून घेतलंत तेही त्याच जोरावर. तर सुभेदारांचं बोलणं संपलं तेव्हा आत पाट्यावर वरवंटा फिरत होता तो थांबला. नुसता थांबला. बांगडीसुद्धा वाजली नाही. तुम्ही स्क्रू काढत होता, तुम्हाला ते ऐकू गेलं का, कोण जाणे. मी तिथनं पुढं ना पेटीकडं नीट बघू शकलो, ना दाराकडं.

आधी सेल बदलले. काही नाही. पेटी कानाला लावून मी स्विच सरकवला. आत मुंगी चालल्याचाही आवाज नाही. मग आपण ती सोप्यातल्या चौरंगावर पालथी घातली आणि उघडली. आत काय असेल त्याचा आपण वाटेत मोटरसायकलवर अंदाज बांधत आलो होतो, पण समोर आलं ते निराळंच होतं. व्हॉल्व्ह नाही, ओळखीचा ट्रान्सफॉर्मर नाही. हिरवी पट्टी, आणि तिच्या मधोमध झुरळासारखी एकच काळी चिप, सगळे पाय रोवून बसलेली. तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटलात, "ही गेली असंल तर साताऱ्यात न्हाई, पुण्यातबी कुणी हात लावनार न्हाई." आणि लगेच मोठ्यानं सुभेदारांना, "बघतोय, साहेब." भिंतीवरच्या घड्याळाकडं तेव्हा सोप्यातले सगळेच बघत होते.

तुम्ही मीटर लावलात. सेलच्या तोंडाशी काटा झपकन वर गेला. स्विचच्या पुढं लावलात तर काटा जागचा हलेना. म्हणजे चिपपर्यंत काही पोचतच नव्हतं. दोष स्विचात होता, चिप शाबूत असायची आशा होती. तुम्ही स्विच सोडवून त्याचं पत्र्याचं कवच उचकटलंत, आणि आत हिरवट पांढरी खपली धरलेली. ओल्या फडक्याचंच काम, असं मला वाटलं. पण तुम्ही काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून आत फिरवलात, तो बाहेर आला पिवळा. दुसऱ्यांदा फिरवलात, पुन्हा पिवळा, आणि त्यात एक तांबडी रेघ.

आपण एकमेकांकडं बघितलं. म्हातारी पानाचा डबा उघडत होती. मी हळूच म्हणालो, "मास्तर, सेल पाझरले म्हणून सांगूया." असं सांगायचं ते आपल्या धंद्यात ठरलेलंच. कुणाचं नाव येत नाही, कुणाचा पाणउतारा होत नाही, पुढच्या वेळी पुन्हा बोलावणं येतं. तुम्ही काडीकडं बघतच मला विचारलंत, "सेल कुनी आनलं हुतं रं?" पहिले सेल पेटीबरोबर तिच्या भावानंच आणले होते. सेलवर ढकललं तर ते तिच्या माहेरावर जाणार. फडक्यावर ढकललं तर तिच्यावर. खोटं बोलायला त्या सोप्यात रिकामी जागाच नव्हती.

तुम्ही उभे राहिलात. अगदी परेडला राहतात तसे, हातात ती काडी. "साहेब, खंडेनवमीला पूजेत काय काय मांडलं हुतं?"

सुभेदारांना बरं वाटलं विचारल्याचं. "तलवार, बंदूक, नांगराचा फाळ, मोटरीचा स्टार्टर, रेडिओ. आन ही पेटी. यंत्रच की. आमच्याकडं कुठलं हत्यार सोडत न्हाईत."

"आन पेटीची पूजा कशी केली?"

"कशी म्हंजे? जिथनं यंत्र सुरू व्हतं तिथं पयलं हळदकुकू. स्टार्टरला तिथं, हिला हितं." त्यांनी हवेतच बोटानं स्विच दाखवला. "मग नारळ फोडला, त्याचं पानी सोडलं. सगळ्यावर सोडलं तसं हिच्यावरबी सोडलं. का वो?"

तुम्ही काडी पुढं केलीत. "साहेब, वास घ्या. हळद हाय. नारळाच्या पान्यानं आत नेलीया, आन त्ये गोड पानी आतच वाळलंया. सूनबाईंनी वरनं पुसून काढली म्हनून बरं, न्हाईतर हुती तेवढी सगळी आत गेली असती."

म्हातारी डबा आपटून उठली. "म्हंजी आता देवाचं केलं त्येबी वंगाळ का?"

"न्हाई वहिनी, देवाला पोचलं. यंत्राला तेवढं सोसलं न्हाई."

सुभेदारांनी काडी नाकाशी धरली. पुन्हा धरली. एका हवालदारानं सुभेदाराला, त्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर हे सांगितलं होतं, आणि पेटी अजून मेलेलीच होती. ती तशीच राहिली असती तर आपण काय तोंडानं तिथनं निघालो असतो, याचा विचार आजही मला नको वाटतो. सुभेदार एवढंच म्हणाले, "चालू हुईल का?"

तुम्ही स्विच खरवडून साफ केलात, आतली पत्ती चिमट्यानं जराशी वाकवलीत, कथलाचा डाग देऊन तो परत जोडलात. टीव्हीच्या मागचे स्क्रू झिजलेले, वायर बसेना. तुम्ही मला भिंत आणि टीव्ही यांच्या सापटीत घुसवलंत. "दोनी टोकं बोटानं दाबून धर. मी सांगीपर्यंत सोडायची न्हाईत." तर तिथनं पुढचं मी काही बघितलेलं नाही. नाकासमोर टीव्हीची गरम पाठ, तिच्या भोकांतनं येणारा धुळीचा करपट वास, आणि कान.

स्विच सरकल्याची खट्. टीव्हीचा खरखराट तसाच. पुन्हा खट्. तसाच. म्हातारी म्हणाली, "झालं." तुमचा श्वास मला टीव्हीपलीकडनं ऐकू येतोय, पत्ती पुन्हा वाकवताय, चिमटा एकदा हातातनं सुटून फरशीवर पडतो. तिसऱ्यांदा खट्. आणि खरखराट सुरी मारल्यासारखा तुटला. पडद्यावर अजून काही आलंही नसेल, मी मागनं ओरडलो, "आली!" मग सगळ्यांना ऐकू गेलं. टक्. टक्.

मग सुभेदारांचा आवाज. "सूनबाई." बांगड्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. "हितं ये. बस. ही फिरकी धर."

"मला न्हाई येत, मामंजी."

"मला तरी कुटं येतीया? धर."

त्यांनी माफी मागितली नाही. तशी माणसं मागत नाहीत. खेळ सुरू झाला. आधी टक् आणि लगेच भुंगा, टक् आणि भुंगा. मग हळूहळू टक्-टक् लांबत गेली, आणि तिच्याबरोबर बांगड्यांचा बारीक आवाज, फिरकी फिरवताना व्हायचा तो. मध्येच दारात कुणीतरी दबकत "रामराम" म्हटलं. तिचा भाऊ. सुभेदार म्हणाले, "या पावनं, बसा जरा, डाव चाललाय." आणि तसंच खेळता खेळता, "भाऊबीज झाली की आनून सोडा हिला. लय दिस ठेवू नगा, घर वस पडतं." भाऊ "व्हय, व्हय" म्हणत राहिला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत तो कशातनं सुटला ते. माझी बोटं बधिर झाली होती, पण तुम्ही सोड म्हणाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर सोडवतही नव्हतं. शेवटचा भुंगा वाजला, आणि एकदम कोण हसलं असेल तर म्हातारी.

पुढं मी सांगलीला दुकान टाकलं, तुम्हीच उद्घाटनाला आलात. दुकान चाललं, वाढलं. नव्या माणसाला कामावर घेताना, व्याह्यांच्या बैठकीत, कुठंही विषय निघाला की मी हा किस्सा रंगवून सांगतो, आणि शेवटी सांगतो की त्या दिवशी सून जिंकली. लोक खूश होतात. पण मास्तर, चेंडू कुणाच्याही बाजूनं सुटला तरी त्या पेटीचा सूर एकच होता. माझ्या कानांना तेवढं काही ओळखता आलं नाही. तुम्ही पडद्यासमोर होता, तुम्हाला माहीत होतं. परतीच्या वाटेवर मी तुमच्या मागं बसलो होतो, विचारायला तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, तुम्ही खोटं बोलणारे नव्हे, आणि सुभेदार जिंकले म्हणालात तर मला ते आयुष्यभर तसंच सांगावं लागेल. म्हणून विचारलं नाही.