अर्धी भेट आईची होती

१७ जानेवारी, सकाळ

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि सोबतची समारंभाची छापील पत्रिका, दोन्ही मिळालं. तुझा खोकला थांबला असेल असं धरून चालते. मी ठीक आहे. जिना चढताना गुडघे गाऱ्हाणी सांगतात, पण ऐकायला मी एकटीच, त्यामुळे तेही लवकर गप्प बसतात. खालच्या बेकरीवाल्याने नवी भट्टी घेतली आहे. आता पहाटे खोलीची फरशी पायांना कोमट लागते. आई असती तर तिला बरं वाटलं असतं.

तू सिस्टर होऊन व्रत घेतलंस त्याला चाळीस वर्षं होतात. अभिनंदन, आणि हे मनापासून. तू पहिल्यांदा पांढऱ्या कपड्यात दारात उभी राहिलीस तेव्हा मी तुझ्यासमोर एकदम शहाण्यासारखी वागायला लागले होते, आठवतं? तू हळूच म्हणाली होतीस, "अगं, आत मीच आहे." त्या वाक्यावर मी पुष्कळ वर्षं काढली.

आपली शाळा हल्ली फार आठवते. मेणाचा वास, लांब व्हरांडे आणि पुतळ्यापाशी ठेवलेली ती काचेची बरणी. देवासाठी एखादी आवडती गोष्ट सोडली की बरणीत एक मणी टाकायचा. मी जॅम सोडायचे, मणी टाकायचे आणि दुपारी जॅम खायचे. तू मात्र सोडलंस की सोडलंस. दुधातली साखर, खिडकीजवळची जागा, शेवटी मधल्या सुट्टीतलं खेळणंसुद्धा. सिस्टर तुझ्याकडे बोट दाखवून मला म्हणायच्या, हिच्याकडून शीक जरा. नाही शिकले ते बरंच झालं.

तर तू लिहितेस, समारंभात कुटुंबाच्या वतीने मी उभं राहून पत्रिकेतला तो परिच्छेद वाचावा आणि आईचा मोठा फोटो घेऊन यावं. परिच्छेद मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचला. दूध उतू गेलं. ओटा पुसला आणि पुन्हा वाचला. त्यात म्हटलं आहे की आईच्या शेवटच्या दुखण्यात मदर सुपीरियरनी तुला घरी जायची परवानगी दिली होती, तिकीटही काढलं होतं. पण आई बरी व्हावी म्हणून तू ती भेट प्रभूच्या चरणी वाहिलीस. जे सर्वांत प्रिय होतं, तेच दिलंस.

परवानगी मिळाली होती, हे मला पत्रिकेतून कळलं, ताई.

मी आजवर समजत होते की तुला सोडलं नाही. आईलाही तेव्हा तेच सांगत राहिले. त्यांचे नियम कडक असतात गं आई, तिचा इलाज नाही. त्या मदर सुपीरियरला मी मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारी बाई! उगाच उचक्या लागल्या असतील तिला.

साखरेच्या आजाराने आईची दृष्टी गेली होती हे तुला कळवलं होतं. पण जिन्यावर पाऊल वाजलं की ती केस चापून बसवायची आणि पदर सारखा करायची, हे कळवलं नव्हतं. गॅसवाला असो, डॉक्टर असो की वरच्या मजल्यावरची शिक्षिका, प्रत्येक पावलाला आई तयार. दार उघडून मी म्हणायचे, "ती नाही गं." मग पदर पुन्हा ढिला. तू त्या वेळच्या पत्रात लिहायचीस, माझी आई कोण, असं प्रभूनेही विचारलं होतं. विचारलं होतं खरं. पण हातापायांत खिळे असताना त्याने आईला एका मित्राच्या हवाली केलं, तेही त्यानेच. मला कुणी 'आईला सांभाळ' असं सांगितलं नाही. मी घरातच होते, एवढंच.

बुधवारी मी चर्चच्या वाचनालयातल्या वर्गाला जाते. एक म्हातारे ज्यू मास्तर आम्हा सात-आठ बायकांना बायबलातलं शुभवर्तमान वाचायला शिकवतात. त्या बोलण्यामागे कुठली माणसं होती, कुठले वाद होते, ते सांगतात. खवट आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमचा येशू आमच्या गल्लीतला. तुम्ही त्याला इतका दूरचा पाहुणा करून ठेवलात की बिचाऱ्याला घरचं कुणी ओळखेना."

पत्रिका आली त्या बुधवारी मी त्यांना विचारलं, देवाला वाहिलेली वस्तू आईला द्यायची असेल तर काय करायचं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि येशूचं ते रागाचं बोलणं काढलं. तेव्हा लोक नवस करत : माझ्याकडून आईबापांना जे मिळायचं, ते आता देवाचं. एकदा तसं म्हटलं की आईबापांनी त्याला हात लावायचा नाही. येशू त्यावर चिडला. देवाचं नाव पुढे करून आईबापांचं तोडता, म्हणाला.

एक बाई म्हणाली, "कसला तो जुना धर्म!"

मास्तर तिच्यावर उखडले. त्यांचं म्हणणं असं, की हा वाद घरातला होता आणि येशू घरातलाच एक होऊन भांडत होता. तुम्ही रस्त्यावरून भांडण ऐकलंत आणि ठरवून टाकलंत की घरच वाईट. त्या काळच्या ज्यू पंडितांनाही हा पेच छळत होता. त्यांनी वाट काढली होती. नवस करणाऱ्याने जाणत्या माणसासमोर बसायचं. तो एकच प्रश्न विचारणार : याने आईबापांचं काय होईल हे तेव्हा दिसलं असतं, तर नवस केला असतास का? उत्तर 'नाही' आलं की नवस सुटला. देव रुसत नाही.

वर्ग सुटल्यावर मास्तर छत्री शोधत मागे राहिले. "नवस कुणाचा, बाई? तुमचा?"

"बहिणीचा."

"मग तिनेच बसायला हवं. दुसऱ्याच्या वतीने सुटत नाही. आई आहे?"

"नाही."

"अरेरे," म्हणाले आणि छत्री काखेत मारून, "प्रश्न तरीही विचारता येतो. फक्त आईला त्याचा उपयोग नाही."

तेव्हापासून मी हेच घोळवते आहे. साखर तुझी होती, जॅम माझा होता. आपलं होतं ते आपण सोडलं. भेट एकटीची नसते, ताई. तुझी अर्धी तू खुशाल द्यायचीस. आईची अर्धी देवाला देऊन टाकायला तू कोण? तिला विचारलंस?

आणखी एक सांगायचं राहिलंय. इतकी वर्षं राहिलंच आहे.

शेवटच्या दुपारी मी आईचं तोंड पुसत होते. तिने माझा हात धरला, मग चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. आणि तुझ्या लाडक्या नावाने हाक मारली. म्हणाली, "आलीस? मला माहीत होतं." मी म्हटलं, "आई, मी धाकटी." ती हसली. "असू दे, असू दे. सिस्टर लोक स्वतःला लहानच म्हणवून घेतात." मग माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून तिने तुला आशीर्वाद दिला. पुष्कळ मोठा. तुझ्या पायांना, तुझ्या झोपेला, तू ज्या पोरींना शिकवतेस त्यांना. मी वाट बघत राहिले की आता माझं नाव येईल. ती दमली आणि झोपली.

तो आशीर्वाद माझ्याकडे पडून आहे. तुझा आहे, तुला द्यायलाच हवा. पण टपालाने पाठवायची वस्तू नाही ती.

म्हणून असं करू. परिच्छेद मी वाचणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला वाचायला दिलास तर मी उठून बाहेर जाईन. फोटोही पाठवत नाही. आईला त्या कौतुकात टांगायची नाही. वेदीपाशी दान घेऊन आलीस आणि आठवलं की बहिणीच्या मनात काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी तिच्याकडे जा, हे तर तुमच्या सगळ्या प्रवचनांत असतं. समारंभाला अजून अवकाश आहे. परवानगी मिळेलच, मिळते हे आता मला ठाऊक आहे.

ये, आणि आईच्या पलंगावर माझ्यासमोर बस. मी काही जाणती वगैरे नाही, पण तो प्रश्न मला विचारता येईल. ती अशी वाट बघत होती हे दिसलं असतं, तर ती भेट वाहिली असतीस का?

'नाही' म्हणालीस तर मी तुझ्या डोक्यावर हात ठेवीन आणि आईचा शब्द न् शब्द सांगेन. 'हो' म्हणालीस तर चहा घे आणि जा. तुझा समारंभ तुला लखलाभ.

पत्राने उत्तर देऊ नकोस.

आईच्या घरातून,
जिने तुझ्या नावाला ओ दिली नाही ती,
धाकटी