गुरुजी, सावड तुम्ही मोडलीत

ती. गुरुजी,

‘शिरसाष्टांग नमस्कार’ लिहिलं आणि खोडलं. थोरांच्या पत्राची सुरुवात नमस्कारानं करायची, हे तुम्हीच शिकवलंत. पण आज मनात नमस्कार नाही, तर कागदावर कुठून आणू? तुमच्या हयातीत तुमच्याशी नीट भांडले नाही. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तेव्हा ऐकून घ्या.

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. जो उठला त्यानं तेच सांगितलं, गुरुजींनी रानातली पोरं शाळेत आणली, बुवापाड्याचं तरुण मंडळ शाळेशी जोडलं. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, “गुरुजी मला वडिलांच्या जागी होते,” एवढं बोलले आणि मटकन खाली बसले. बायकांना वाटलं, रडू आलं. रडू कसलं? संताप आला होता! बोलले ते खरं होतं, म्हणून जास्तच आला होता.

शेवटी पाटील उठले. हो, तेच पाटील. “यंदा मंडळाची सावड गुरुजींच्या नावानं पुन्हा सुरू करू,” म्हणाले. टाळ्या पडल्या. मी घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले.

तुम्ही मंडळात पहिल्यांदा आलात तो रविवार आठवतो? शिवमंदिराजवळच्या मोकळ्या जागेत आमचं लेझीम चाललं होतं. मला शिकवलंत त्या शाळेतून तुमची बदली बदलापूरपलीकडच्या या बोर्डाच्या शाळेवर होऊन थोडेच दिवस झाले होते. आल्या आल्या म्हणालात, “कुसुम, एवढी धडधाकट माणसं वाकतात, वळतात, घाम गाळतात, आणि त्यातून एक दाणा पिकत नाही!” आम्ही हसलो. मग तुम्ही खाली बसून अडचण सांगितलीत. ठाकरवाडीतली पोरं जूनमध्ये शाळेत नाव घालतात आणि भाताची लावणी लागली की घरच्या शेतात जातात. परत येतात तोवर धडे इतके पुढे गेलेले असतात की लाजेनं शाळाच सोडतात.

सावड ही शेतकऱ्यांची जुनी रीत, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. तुम्ही म्हणालात, लावणीत मंडळाचा एक माणूस शेतात उतरेल आणि त्याच्या बदल्यात घरचं पोर शाळेत बसेल. किती सुंदर सुचलं होतं तुम्हाला, गुरुजी! आम्ही कारखान्याच्या पाळ्या बदलून घेतल्या. निर्वासितांच्या कॅम्पातला लछमनसुद्धा बापाच्या कापडाच्या दुकानातून पळून आला.

वाडीत तुम्ही मला सगळ्यांत आधी हिरू ठाकराकडे नेलंत. गावातली माणसं त्याच्या घरी पाणी पीत नसत. तुम्ही भाकरी मागून खाल्लीत. त्याची जनी दाराआडून बघत होती.

“शाला बरी हाय, गुरजी. पन पोर गेली तं रोप कोन लावंल?”

“ही लावेल,” म्हणत तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत.

हिरूनं माझे हात पाहिले आणि पोटभर हसला. “ही? हिला बांदावरून चालाया तरी येल का?” मग एकदम गंभीर झाला. “बरं. तुजा मानूस माज्या शेतान, माजी पोर तुज्या शालंन. पन तिला दुसऱ्या कामाला लावायचा नाय. माज्या बापानं पाटलाची वेठ केली, मी केली. हिला नको.”

तुम्ही जनीच्या डोक्यावर हात ठेवलात. “माझ्या शाळेत ही फक्त पाटी उचलेल.” हा शब्द तुम्ही दिलात. मागितला नव्हता तेवढा दिलात!

त्या वर्षी आम्ही चिखलात उभे राहिलो ते काय वर्णावं? माझी कंबर रात्री अंथरुणाला टेकेना. लछमन गुडघाभर रुतून ओरडायचा, “कुसुमताई, ये पाँव वापस कैसे निकालनेका?” आणि हिरूची बायको त्याला हात देता देता हसून स्वतःच पडायची. माझ्या रोपांच्या ओळी वाकड्या जायच्या. हिरू मुकाट्यानं मागून येऊन सरळ करायचा. पण संध्याकाळी जनी यायची, पाटीवर लिहिलेलं बापाला दाखवायची, आणि मला वाटायचं, जाऊ दे कंबर कामातून.

मग तो दिवस आला. लछमनच्या पायात बाभळीचा मोठा काटा मोडला. शाळेत टिंक्चर आयोडीनची बाटली असायची, म्हणून मी उतरून गावात आले. शाळा म्हणजे पाटलाच्या भातकोठाराची पडवी. पडवीत चिटपाखरू नाही. पाट्या भिंतीला ओळीनं टेकवलेल्या. आणि मागून पाढे ऐकू येत होते, तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस.

मागे गेले. पाटलाच्या शेतात वाडीतली सगळी पोरं वाकून रोपं लावत होती. जनी सगळ्यांच्या पुढे होती. तुम्ही छत्री घेऊन बांधावर उभे राहून पाढे सांगत होतात आणि पोरं चिखलातून म्हणत होती. मला क्षणभर वाटलं, खेळ चाललाय.

“गुरुजी, हे काय?”

“शाळा चालू आहे, कुसुम. पाढे ऐकू येत नाहीत का?”

असं बोललात तुम्ही! माझे गुरुजी! मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणालात, “पाटलांना यंदा माणसं मिळाली नाहीत. तू तिथं रोपं लावतेस आणि इथं त्यांचं शेत पडून राहतं, हे त्यांना खपलं नाही. पडवी परत मागत होते. पडवी गेली तर शाळा गेली.”

समजलं मला. मी काही दुधखुळी नव्हते. बोर्ड इमारत देत नव्हतं, पाटील गावाचा धनी, तुम्ही एकटे मास्तर. पण मग मंडळाला का नाही सांगितलंत? आम्ही पाटलाचंही शेत लावलं असतं हो! शिव्या दिल्या असत्या, पण लावलं असतं. एका शब्दाचं काम होतं. तुम्ही तो शब्द आमच्याजवळ काढला नाहीत आणि पोरांच्या हातात मात्र रोपं दिलीत. वर आम्ही हिरूच्या शेतात, पोरगी शिकतेय म्हणून खुशीत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! पाटलानं केलं असतं तर मी त्याला पाटील म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही केसानं गळा कापलात.

हिरूला मीच सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हातातली रोपांची मूठ खाली ठेवली आणि म्हणाला, “उद्यापासनं येऊ नको, बाय. आमचं आमी बगू.” त्याला वाटलं, मलाही सगळं ठाऊक होतं. का वाटू नये? तुम्ही आणि मी एकाच पंगतीला त्याची भाकरी खाल्ली होती.

शाळा टिकली, हे मान्य. गावातली पोरं शिकली. वाडीतलं मात्र एकही पुन्हा आलं नाही. काही वर्षांनी जनी मला बदलापूरच्या बाजारात भेटली, डोक्यावर लाकडाची मोळी, पाठीला तान्हं. “ताई, शाला कशी हाय?” तिनं असं विचारलं, जसं माहेरच्या दुखणाईत माणसाचं विचारावं. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं होतंत.

एकदा तरी तुम्ही वाडीत जायचं होतंत, गुरुजी. चुकलं म्हणायला लागतं काय? मी वाट पाहिली. तुम्ही भेटलात की माझ्या तब्येतीची चौकशी करायचात, मंडळाची करायचात, जनीचं नाव कधी घेतलं नाहीत.

आज सकाळी मीच गेले. तुम्ही गेल्याचं हिरूला कळलं होतं. “वाईट झालं. बरा मानूस व्हता. आमच्या घरी जेवला,” म्हणाला. त्याची धाकटी, सोनी, आता शाळेच्या वयाची झाली आहे. मी धीर करून तिचं विचारलं. त्यानं हातातली विडी विझवली.

“सावड नको,” म्हणाला. “माज्या शेतान मानूस नको. मी हाय, बायको हाय, उरकू. मानूस द्यायचा तं शालंन दे. पोरीजवल बसंल असा. दिसभर.”

इतकं साधं! आम्ही सगळे शेताकडे धावलो आणि शाळेत पोरांजवळ कुणी थांबलंच नाही. तिथं तुम्ही होतात ना, म्हणून.

तर हे वचन लिहून देते. लावणी लागली की मी रोज त्या पडवीच्या उंबऱ्यात बसेन, सकाळच्या घंटेपासून शाळा सुटेपर्यंत. मला जमलं नाही त्या दिवशी लछमन बसेल. पाटलाचा माणूस पोरं न्यायला आला तर आधी मला उठवावं लागेल, आणि मी उठणार नाही. आज तुम्ही असतात, गुरुजी, आणि छत्री घेऊन पोरांना मागे न्यायला निघाला असतात, तर तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं आणि तिथंच, तुमची वाट अडवून, बसले असते.

तुमचीच विद्यार्थिनी,
कुसुम