आबा, तुमचा लोडर उचलतो

प्रिय आबा,

काल संध्याकाळी तुमच्या लोडरनं शेणखताची पहिली बादली उचलली. आईनं पाहिलं, मी पाहिलं. पण ज्यांना धावत जाऊन सांगायचं, ते तुम्हीच आता नाही आहात. तुम्हाला जाऊन सात महिने झाले. म्हणून हे पत्र.

खंडाळ्याच्या ज्या बंगल्यात तुम्ही जन्मभर माळीकाम केलंत, तो विकला गेला तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय हवं?" आणि तुम्ही काय मागितलंत? जांभळाखाली गंजत पडलेला, गवत कापायचा जुना छोटा ट्रॅक्टर! टेम्पोतून तो तिकोणा पेठेत आपल्या अंगणात उतरला तेव्हा त्याच्या इंजिनाशेजारी उंदरांनी घर केलं होतं. "आबा, त्यांची अडगळ तुमच्या गळ्यात मारली," असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्ही नुसते हसलात. का नाही रागावलात?

दोन वर्षं तुम्ही त्याच्यामागे होतात. कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशनं घासलात. पट्टा कुठंच मिळेना, तर पिठाच्या गिरणीतला मागून आणलात. तो पहिल्यांदा धडधडला त्या दिवशी आईच्या कोंबड्या पार देवळापर्यंत पळाल्या होत्या!

मला वाटलं, हौस फिटली. पण तुम्ही वेल्डिंग मशीन आणलंत आणि ट्रॅक्टरच्या पुढं खत उचलणारी बादली लावायला लोखंडी हात तयार करत बसलात; तोच हा लोडर. कशाला, असं विचारलं तर म्हणालात, "तुज्या आईची मान बघितलीस का? डोक्यावर पाट्या वाहून वाहून आता वळत न्हाई."

आबा, मी तिची लेक. मला ते दिसलं नव्हतं.

तळेगावच्या कारखान्यात मी दिवसभर वेल्डिंगचे जोड तपासते. तुम्ही किती वेळा म्हणालात, "सुमे, लोकांचं जोड बघतीस, बापाचं बी एकडाव बघ की." मी म्हणायची, "रविवारी बघते." कधी ओव्हरटाइम निघाला, कधी मैत्रिणीचं लग्न, कधी नुसता कंटाळा.

आणि तुम्ही? छातीत दुखतंय हे आईलाही सांगितलं नाहीत. पित्त आहे म्हणत ओवा चघळत राहिलात. माझा स्वतःवर राग आहेच, पण तुमच्यावरही आहे. खरं सांगते, अजून गेला नाही.

तुमच्यामागं चार महिने मी ट्रॅक्टरवरच्या ताडपत्रीला हात लावला नाही. मग एका सकाळी काढली. लोडरच्या डाव्या हाताच्या मुळाशी खडूनं लिहिलं होतं, 'सुमीला दाखवणे.' बाकी सगळे जोड पक्के, तेवढाच एक कच्चा. तो कच्चा आहे हे तुम्हाला कळलं होतं! अंगणात बसून खूप रडले. मग ग्राइंडर घेतला, तो जोड कापून काढला आणि वेल्डिंगचे थरावर थर देत पुन्हा भरला. भेगा दाखवणारा लाल रंग फवारून पाहिला. एकही भेग नाही.

पहिल्यांदा लिव्हर ओढला तर भरलेली बादली जमिनीवरच, आणि मागची चाकं वर! आई पोट धरून हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मग मागं वजन म्हणून सिमेंट भरलेला रंगाचा डबा बांधला.

काल बादली वर गेली तशी आई म्हणाली, "उतर खाली."

"का गं?"

"माज्यासाठी केलंय न्हवं त्यांनी? मग मी चालवणार."

पदर खोचून बसली. आयुष्यात सायकलवर न बसलेली बाई! मी काय ओढायचं ते सांगत शेजारून चालत राहिले. भाताच्या खाचरात तिनं खत ओतलं, परत दुसरी खेप भरली. वाटेत शेजारची सखूमावशी डोक्यावर खताची पाटी घेऊन चाललेली. आईनं ट्रॅक्टर थांबवला.

"सखू, वत ती पाटी हितं."

मावशी थबकली. "आगं, तुजं खत येगळं, माजं येगळं."

"तुज्याच वावरात टाकते की! वत."

मावशीनं पाटी रिकामी केली. पाटीखालची चुंबळ डोक्यावरून काढून हातात धरली आणि मोकळ्या डोक्यानं ट्रॅक्टरमागून चालू लागली.

आज सकाळीच ती दारात हजर. तिलाही शिकायचंय. आबा, वचन देते, पाऊस लागायच्या आत सखूमावशी एकटीनं वावरापर्यंत खेप नेईल.

तुमची,
सुमी