सात नंबरची गळती

सूनबाई,

मी लेकीकडे चालले आहे, आठ दिवसांनी येईन. तोवर लॉज तुझ्या हवाली. तीन नंबरचे लोक दुपारी खोली सोडतील, टॉवेल तपासून घे.

सात नंबरचं छत गळतं म्हणून महिनाभर तू ती खोली कुणाला दिली नाहीस. आज सकाळी मी गवंड्याला घेऊन वर गेले. छत कोरडं ठणठणीत, बादलीत कोळ्याचं जाळं. गवंडी हसला, मला हसायलाही त्राण नव्हतं. खिडकीत गिझरवाल्याचा टेस्टर आणि चष्मा सापडला. आपले गिझर इतक्यांदा का बिघडतात याचा माझा अंदाज तेव्हा पक्का झाला. दोन्ही वस्तू काउंटरच्या खणात आहेत.

जिने चढून गुडघे गेले माझे, त्यात काही न दिसल्याचं सोंग कुठवर करू? त्याला सांग, मागच्या जिन्याने चोरासारखा येऊ नकोस. आणि जेवूनच जा म्हणावं.

काउंटरमागचा माझ्या लेकाचा फोटो मी सोबत नेते आहे. तो गेल्यापासून चार वर्षं तुझ्यावर नजर ठेवून दमला असेल. खिळा मोकळा झालाय, त्यावर सात नंबरची किल्ली अडकव.

आई